फॉरमॅट मारण्याआधी कॅमेऱ्याची वायर बघा

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. त्यांतल्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी, मग ते दारव्हा असो, घाटंजी असो की पांढरकवडा, लोकांच्या कामाचा मोठा भाग आता एका मुठीएवढ्या कॅमेऱ्यासमोरून जातो. आधारची नोंदणी करायची तर फोटो वेबकॅमनेच निघतो. दुय्यम निबंधकांकडे शेताची खरेदी नोंदवायची तर घेणाऱ्या-देणाऱ्यांचे फोटो आणि अंगठे तिथल्या तिथे संगणकात घेतले जातात. परदेशातल्या डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई' या प्रकरणात २००३ मध्येच सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर खटल्याची कामे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायची वाट आणखी मोकळी केली. कोविडच्या काळात ई-संजीवनीवरून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला, त्यातही कॅमेरा आलाच. म्हणून वेबकॅम मधेच बंद पडणे आणि त्याच्यासोबत अख्खा संगणक हँग होणे ही केवळ संगणकवाल्यांची कटकट राहिलेली नाही. झरी-जामणीतल्या एखाद्या कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, मजुरी बुडवून आलेल्या बाईला 'मशीन बंद आहे, उद्या या' असे सांगितले जाते, तेव्हा त्या बिघाडाची किंमत तिच्या खिशातून जाते.

अशा वेळी दोन निदाने ठरलेली असतात. एक, 'कॅमेरा गेला, नवीन घ्या.' दुसरे, 'व्हायरस आला आहे, फॉरमॅट मारावा लागेल.' दोन्ही निदाने बहुधा काहीही न तपासता केलेली असतात आणि माझे म्हणणे असे की दोन्ही चुकीच्या टोकापासून सुरू होतात. वारंवार तुटणाऱ्या कॅमेऱ्याचा शोध कॅमेरा आणि संगणक यांच्या मधल्या वाटेवर सुरू व्हायला हवा. ती वाट म्हणजे वायर, पिन, पोर्ट, हब, त्यांतून मिळणारी वीज आणि त्या वाटेवर आणखी कोणकोण चालते आहे ती गर्दी. या वाटेची तपासणी फुकट होते, अर्ध्या तासात होते आणि तिच्यात काही बिघडत नाही. फॉरमॅटने मात्र पुष्कळ काही बिघडू शकते. म्हणून तपासणीचा क्रम उलटा करायला हवा.

हे पटण्यासाठी यूएसबी काय आहे ते थोडे समजून घ्यावे लागते. १९९६ च्या जानेवारीत या जोडणीचे पहिले मानक आले. ते घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट हे बडोद्यात शिकलेले अभियंते प्रमुख होते. त्याआधी माऊसला एक भोक, प्रिंटरला दुसरे, मोडेमला तिसरे अशी अवस्था होती. यूएसबीने एकाच वायरीतून वीज आणि निरोप दोन्ही नेण्याची सोय केली. साध्या यूएसबी २.० च्या वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. विजेच्या तारांतून ५ व्होल्ट मिळतात आणि एका पोर्टने ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह द्यावा, असा नियम आहे. या सोयीतच कॅमेऱ्याच्या दुखण्याचे मूळ आहे. वीज आणि निरोप एकत्र असल्यामुळे विजेत जराशी घट झाली की निरोपही तुटतो. कॅमेऱ्यातली चिप क्षणभर बेशुद्ध पडते. संगणकाला वाटते की कोणी वायर उपटली. पुढच्या क्षणी चिप शुद्धीवर येते आणि संगणक तिची नव्याने ओळख करून घेतो. चित्र सुरू झाले की कॅमेरा पुन्हा पूर्ण प्रवाह ओढतो, वीज पुन्हा घसरते आणि तेच चक्र पुन्हा फिरते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते इतकेच की कॅमेरा 'सारखा लागतो-तुटतो'.

विजेत ही घट येते कुठून, हे एका उदाहरणाने नीट कळते. टेबल मोठे, सीपीयू खाली आणि कॅमेरा माणसाच्या तोंडासमोर, म्हणून बहुतेक ठिकाणी तीन मीटरची स्वस्त एक्स्टेंशन वायर जोडलेली असते. अशा वायरीत विजेसाठी अनेकदा २८ गेजची बारीक तार असते. तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून तीन मीटरची वायर प्रत्यक्षात सहा मीटर धरायची, म्हणजे रोध झाला जवळपास १.२८ ओहम. तिच्या टोकाला हब लावून कॅमेरा आणि थंब मशीन एकत्र चालवले आणि दोघांनी मिळून ५०० मिलिअँपिअर ओढले, तर वायरीतच सुमारे ०.६४ व्होल्ट खर्ची पडतात. ५ मधून ते वजा केले की उरतात ४.३६. उपकरणापर्यंत निदान ४.४ व्होल्ट पोहोचावेत, असे हे मानक धरून चालते. म्हणजे कॅमेरा चांगला, संगणक चांगला, विंडोज चांगले आणि तरीही कॅमेरा तुटणार. पिनांवर चढलेली काजळी आणि सैल झालेले तोंड यांचा रोध या हिशेबात धरलेलाही नाही. तार जाड असती, समजा २४ गेजची, तर तेवढ्याच लांबीत घट पाव व्होल्टवर आली असती. नुसती वायर बदलल्यावर कॅमेरा 'आपोआप' दुरुस्त होतो, त्यामागे इतका साधा हिशेब आहे.

हबबद्दल तर फारच गैरसमज आहे. एका पोर्टाचे चार पोर्ट झाले म्हणजे वीजही चौपट झाली, असे धरले जाते. प्रत्यक्षात स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब मागून मिळालेल्या त्याच ५०० मिलिअँपिअरमधून स्वतःचे पोट भरतो आणि उरलेले वाटतो. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे अशा हबच्या प्रत्येक तोंडाला फक्त १०० मिलिअँपिअर येतात. बऱ्याच कॅमेऱ्यांना तेवढ्यात भागत नाही. सीपीयूच्या पुढच्या बाजूचे पोर्टही मागच्यांपेक्षा कच्चे. ते आतल्या बारीक वायरीने मदरबोर्डपर्यंत गेलेले असतात, आणि मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेले असतात. कॅमेरा पुढून काढून मागे लावा, हा सल्ला ऐकायला फार किरकोळ वाटतो, पण त्याला हे कारण आहे आणि पहिली चाचणी हीच असावी.

विजेनंतर येते गर्दी. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे साधे चित्र घ्या. त्यात ३,०७,२०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे. हिशेब होतो सेकंदाला सुमारे १ कोटी ८४ लाख बाइट. यूएसबी २.० चा जाहीर वेग सेकंदाला ४८ कोटी बिट, म्हणजे ६ कोटी बाइट. पण त्यातला एक कॅमेरा आपल्या राखीव वाटेने फार तर अडीच कोटींच्या आत-बाहेर नेऊ शकतो. त्यामुळे १२८० गुणिले ७२० चे चित्र न दाबता पाठवायचे म्हटले तर साडेपाच कोटी बाइट लागतात आणि ते जमतच नाही. म्हणून कॅमेरा चित्र दाबून पाठवतो आणि ते उलगडण्याचे काम संगणकाच्या प्रोसेसरवर पडते. दहा वर्षे जुन्या यंत्रावर आठ-दहा खिडक्या उघड्या असताना हे ओझे जड होते आणि चित्र अडकते. शिवाय कॅमेऱ्याच्या माहितीचा एक खास स्वभाव आहे. पेन ड्राइव्हवर फाइल जाताना तुकडा गहाळ झाला तर तो पुन्हा मागवला जातो. चालत्या चित्राचा तुकडा गहाळ झाला तर तो गेला तो गेलाच, कारण जुने चित्र उशिरा मिळून उपयोग नसतो. म्हणून ज्या खराब वायरीवर पेन ड्राइव्ह बिनतक्रार चालतो, तिच्यावरच कॅमेरा अडखळतो. 'या पोर्टला पेन ड्राइव्ह चालतो, म्हणजे पोर्ट ठीक आहे' हा युक्तिवाद सर्रास केला जातो आणि तो टिकत नाही.

आता मुख्य शंका. कॅमेऱ्याचे दुखणे कॅमेऱ्यापुरते राहावे, त्याने अख्खा संगणक का हँग व्हावा? याला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही वेगळी ओळखता यायला हवीत. पहिले असे की पुष्कळदा संगणक हँग झालेलाच नसतो. माऊस आणि कीबोर्ड कॅमेऱ्याच्याच हबवर लावलेले असतात. कॅमेऱ्याच्या ओढीने हब कोलमडला की तिघेही एकदम गायब होतात आणि माऊस हलत नाही म्हणून माणूस 'हँग झाला' म्हणतो. खात्री करायची तर कॅमेरा सुरू करण्याआधी संगणकावर एखादे गाणे लावून ठेवावे. माऊस थिजला तरी गाणे चालू राहिले, तर संगणक जिवंत आहे आणि दोष हबकडे आहे. दुसरे उत्तर खऱ्याखुऱ्या हँगचे. यूएसबीला सांभाळणारा सॉफ्टवेअरचा भाग विंडोजच्या सगळ्यात आतल्या थरात काम करतो. कॅमेऱ्याने अर्धवट उत्तर दिले आणि तो पुन्हा पुन्हा तुटत राहिला, तर हा थर उत्तराची वाट पाहत आणि पोर्ट नव्याने सुरू करत बसतो. त्याच्या मागे उभी असलेली बाकीची कामे तुंबतात. मधल्या वाटेतला विजेचा दोष संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो तो असा. म्हणून हँग होणे हा व्हायरसचा पुरावा मानता येत नाही.

दोष कुठल्या बाजूला आहे हे सांगणारी एक खूण तर विंडोज स्वतःच देते. उपकरण निघाल्यावर दोन सुरांचा एक छोटा आवाज येतो, लागल्यावर तसाच उलट चढणारा आवाज येतो. कॅमेरा बंद पडताना हा आवाज आला, तर जोडणी खरोखर तुटली आहे. मग वायर, पोर्ट, हब, वीज बघायची. आवाज न येता नुसते चित्र थिजले, तर जोडणी शाबूत आहे आणि अडचण सॉफ्टवेअरची, प्रोसेसरवरच्या ओझ्याची किंवा एकाच वेळी दोन प्रोग्रॅम कॅमेरा मागत असल्याची आहे. 'पॉवर सर्ज ऑन यूएसबी पोर्ट' असा संदेश आला, तर पोर्टवर झेपेल त्याहून जास्त ओढ पडली किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि 'कोड ४३' दिसला, तर उपकरणानेच काही बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. कान आणि डोळे उघडे ठेवून दोन-चार वेळा बिघाड होऊ दिला, तरी निम्मा तपास होतो. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम कडक पाळावा. वायर, पोर्ट आणि सेटिंग एकदमच बदलले आणि कॅमेरा चालू झाला, तर तो कशाने चालू झाला हे कधीच कळत नाही. आठवडाभराने दुखणे परत आले की सुरुवात पुन्हा शून्यापासून.

विंडोज नेहमी निर्दोष असते, असा याचा अर्थ नाही. वीज वाचवण्यासाठी ते रिकाम्या बसलेल्या यूएसबी उपकरणाला झोपवते आणि काही कॅमेरे त्या झोपेतून धड उठत नाहीत. दिवसभर ठीक चालणारा कॅमेरा जेवणाच्या सुट्टीनंतरच रुसत असेल तर संशय इथे घ्यावा. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करायचे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज तोडण्याची परवानगी काढून घ्यायची. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने जगभरातले चांगले कॅमेरे थिजवले होते. कॅमेऱ्याकडून दाबलेले चित्र थेट प्रोग्रॅमकडे जाण्याची वाट त्या अपडेटने बंद केली होती आणि मायक्रोसॉफ्टला ती नंतर दुरुस्त करावी लागली. म्हणजे 'अपडेट आल्यापासून असे होते' ही तक्रार खरी असू शकते. पण त्या घटनेतही फॉरमॅट मारून काही साधले नसते, कारण तेच विंडोज पुन्हा टाकले असते तर तोच दोष परत आला असता.

इथे दुरुस्तीच्या दुकानातून एक आक्षेप येतो आणि तो अनुभवातून आलेला असल्यामुळे त्याला उत्तर दिले पाहिजे. 'फॉरमॅट मारल्यावर कॅमेरा चालू झाल्याची कितीतरी उदाहरणे आहेत, मग तुम्ही काय सांगता?' उदाहरणे खरी असतील. पण फॉरमॅटसाठी सीपीयू दुकानात नेताना काय काय घडते ते बघावे. सगळ्या वायरी निघतात. मशीनवरची धूळ फुंकली जाते. दुकानात कॅमेरा मागच्या पोर्टला थेट लागतो, मधे एक्स्टेंशन नसते, हब नसतो, शेजारी थंब मशीन आणि प्रिंटर नसतात. तिथे कॅमेरा चालला म्हणजे फॉरमॅटने चालला, असे सिद्ध होत नाही. केंद्रात परत आणून सगळे पुन्हा त्याच हबवर लावले की तो पुन्हा तुटू लागतो आणि या वेळी खापर कॅमेऱ्यावर फुटते. मधल्या काळात सेवा केंद्र चालवणाऱ्याने काय गमावले तेही मोजावे. आधारच्या ओळख पटवणीसाठी लागणाऱ्या थंब मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे तिचे सॉफ्टवेअर, पुन्हा टाकून नोंदवायची, डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचे, प्रिंटर आणि स्कॅनर पुन्हा ओळखीचे करायचे. जूनमध्ये उत्पन्नाच्या, जातीच्या आणि नॉन-क्रिमीलेयर दाखल्यांसाठी रांग लागलेली असताना हे करावे लागले, तर त्या रांगेतल्या पोरांचे प्रवेश टांगणीला लागतात.

'मग कॅमेराच बदला, तो काही फार महाग नाही' हा दुसरा आक्षेप. स्वस्त वस्तू बदलून बघण्यात गैर नाही, पण आधी फुकटची चाचणी करावी. तोच कॅमेरा दुसऱ्या संगणकावर, थेट पोर्टला लावून अर्धा तास चालू ठेवायचा. तिथे न तुटता चालला तर नवा कॅमेरा आणून जुनेच दुखणे विकत घ्याल. तिथेही तुटला, तर त्याची वायर मुळाशी, कॅमेऱ्याच्या मानेजवळ हलवून पाहावी. रोज वळवून वळवून तिथेच आतली तार तुटते. जरा हलवल्यावर चित्र आले-गेले, तर कॅमेरा खरोखर गेला आहे आणि तो खुशाल बदलावा. नव्या कॅमेऱ्यासाठी ड्रायव्हरच्या सीडीमागे धावायचीही सहसा गरज नसते. २००३ पासून कॅमेऱ्यांसाठी यूव्हीसी नावाचे सामायिक मानक आहे आणि ते पाळणारा कॅमेरा विंडोज आपणहून ओळखते. उलट 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून कुठून तरी उतरवलेले प्रोग्रॅम चांगले चाललेले बिघडवतात.

आपल्या भागाची हवा आणि वीज हाही या तपासाचा भाग आहे. मे महिन्यात यवतमाळात पारा ४४-४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या छोट्या गाळ्यात लॅपटॉप तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि चित्र उलगडण्याचे काम मागे पडते. सकाळी चालणारा आणि दुपारी दोननंतर थिजणारा कॅमेरा ही उष्णतेची खूण आहे. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू आणि वणीकडे कोळशाची धूळ पंख्यात आणि पोर्टमध्ये बसते. पंखा साफ केल्यावर मशीन सुधारते, ते याच कारणाने. वीज सारखी वरखाली होत असेल तर डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर लवकर म्हातारे होतात आणि ५ व्होल्टची ओळ डळमळते. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर सीपीयूच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. तीच गळती यूएसबीच्या वायरीतही गोंधळ घालू शकते. 'आमच्याकडे वीजच खराब, मग वायर बदलून काय होणार?' असे कोणी विचारले तर उत्तर हेच की वीज खराब असेल तिथे वायर आखूड, पोर्ट मागचा आणि हब स्वतःच्या अडॅप्टरचा असणे जास्तच गरजेचे आहे. आधीच काठावर असलेल्या व्होल्टेजमधून आणखी अर्धा व्होल्ट वायरीला देऊन टाकणे आपल्याला परवडत नाही.

उरतो तो आक्षेप केंद्र चालवणाऱ्यांचा आणि तो मला सगळ्यात रास्त वाटतो. समोर वीस माणसे बसलेली असताना त्याने वायरींचे गेज मोजत बसावे का? नाहीच बसावे. पण वर सांगितलेल्या तपासात त्याने करायचे काम थोडे आहे. कॅमेऱ्याला मागचे पोर्ट एकट्याला द्यायचे, माऊस-कीबोर्ड वेगळ्या पोर्टवर ठेवायचे, एक्स्टेंशन काढून टाकायची आणि बिघाड किती वाजता झाला, आवाज आला की नाही, तेव्हा आणखी कोणती मशीन चालू होती, एवढे एका वहीत लिहून ठेवायचे. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात ती वही दिली, तर तोही फॉरमॅटऐवजी मूळ शोधू शकतो. बाकीचे काम किट ठरवणाऱ्यांचे आहे. महाराष्ट्रात आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. तेव्हापासून नोंदणीच्या टेबलावर कॅमेरा, बोटांचे स्कॅनर आणि डोळ्यांचे स्कॅनर अशी उपकरणे एकाच लॅपटॉपवर टांगली जातात. लॅपटॉपला पोर्ट दोन-तीनच असतात, म्हणजे हब लागणारच, हे खरेदीच्या वेळीच माहीत असते. म्हणून खरेदीच्या यादीत कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसोबत स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली वायर आणि अर्थिंग तपासलेला सॉकेट या तीन ओळी लिहिल्या जायला हव्यात, आणि किट ताब्यात घेताना सगळी उपकरणे एकाच वेळी चालू करून अर्धा तास पाहिल्याशिवाय त्या यादीवर सही होऊ नये.